चुकीपुढचं नाव

डॉक्टर, भांडण अर्धं टाकून उठून जाणं तुमच्या शिस्तीत बसत नव्हतं. मुद्दा निकालात निघेपर्यंत तुम्ही समोरच्याला चहाला हात लावू देत नव्हता, आणि निकाल लागेपर्यंत चहाचं पाणी झालेलं असायचं. मग असं काय झालं, की सोमवारी सकाळी दवाखान्याला निघालात, टांग्याच्या पायरीवर पाय ठेवलात आणि तिथूनच गेलात? आदल्या दिवशी मला म्हणाला होतात, "उद्या बोलू. आज तू ऐकूनच घेऊन नाही राह्यला." तो उद्या मी अजून धरून बसलो आहे.

शोकसभेत बरेच जण बोलले. कुणी तुमचं जन्मगाव सांगितलं, कुणी साथीच्या दिवसांत तुम्ही कसे घरोघर फिरलात ते सांगितलं, एका वकिलांनी तर तुम्हाला धन्वंतरी करून टाकलं. तुम्ही असता तर मागच्या रांगेतून विचारलं असतंत, "सबूत?" मला बोलायला बोलावलं, मी उठलो नाही. लोकांना वाटलं, दुःखानं दाटून आलं असेल. दाटून आलं होतंच, पण न उठण्याचं कारण वेगळं होतं. मला जे बोलायचं आहे ते तुमच्याविषयी नाही, तुमच्याशी बोलायचं आहे.

आपल्या दोघांत एकच गोष्ट अडली होती. माझ्या एम. डी.च्या प्रबंधात तुमची चूक तुमच्या नावासकट लिहायची की नाही. तुम्ही म्हणत होता, लिही. मी म्हणत होतो, लिहिणार नाही. जगात सहसा याच्या उलट भांडण होतं. आपलं सगळंच उफराटं.

पहिल्या दिवसापासून उफराटं. हैद्राबादला उर्दूतून डॉक्टरी शिकून मी परत आलो होतो आणि मुंबईच्या एम. डी.चं खूळ डोक्यात शिरलं होतं. त्यासाठी प्रबंध हवा, आणि प्रबंधाला मान्यता असलेला मार्गदर्शक हवा. आमच्या सगळ्या मुलखात तसे तुम्ही एकटेच. म्हणून टेंभुर्णीहून आमचे बाबा मला घेऊन जालन्याला आले, तेही गाडीत ज्वारीचं पोतं घालून, कारण गुरूकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं. तुम्ही ओसरीवरून पोत्याकडे पाह्यलंत आणि बाबांना म्हणालात, "पोरगा ठेवून जा, ज्वारी घेऊन जा. पोरगा कमी खाईल." बाबा वाटभर हसत गेले. पुढं कितीतरी दिवस ते गावात सांगत होते, की डागदर माणूस साधा आहे पण तोंडाचा तिखट आहे.

मग तुम्ही विचारलंत, "कशावर काम करायचंय?" मी मोठ्या झोकात सांगितलं, हृदयरोगावर. "टेंभुर्णीत हृदयरोगाचे किती जण पाह्यले?" मी म्हणालो, एकही नाही. "आणि नारूचे?" मला हसू आलं. नारू काय पाह्यचा असतो? तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे वाचणाऱ्या एखाद्या मुंबईकराला कळावं म्हणून लिहितो: नारू म्हणजे पायातून निघणारा हातभर दोऱ्यासारखा किडा. बारवेच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, पाण्यातून पोटात जातो, वर्षभरानं पायाला फोड होऊन बाहेर येतो, आणि पेरणीच्या ऐन दिवसांत माणसाला बाजेवर पाडतो. माझ्या आईला झाला होता, आमच्या गड्यांना झाला होता, मला स्वतःला झाला होता. मी पायजमा वर करून घोट्याजवळचा वण दाखवला. तुम्ही चष्मा सारून तो नीट पाह्यलात आणि म्हणालात, "हे पायात घेऊन फिरतो, आणि हृदय शोधून राह्यला?" तिथंच माझा विषय ठरला.

तुमच्या हाताखाली आम्ही दोघं होतो. मी नारूवर, आणि हबीब हिवतापावर. हबीब जालन्याचाच, कापसाच्या अडत्याचा मुलगा, बोलायला लागला की थांबायचा नाही. दर रविवारी सकाळी तुमच्या ओसरीवर आमची झडती व्हायची. झडती हा तुमचाच शब्द. तुमच्या सौभाग्यवती माई आत मुरमुऱ्यांची सुशीला परतत असायच्या, फोडणीचा वास बाहेर यायचा, आणि आम्ही आठवडाभर लिहिलेलं एकेक वाक्य मोठ्यानं वाचायचो. प्रत्येक वाक्यानंतर तुमचा एकच शब्द: "सबूत?" हबीब म्हणायचा, "ये तो पोलिसां से भी सख्त हैं रे. पोलीस एक बार पूछ के छोड़ देते."

एकदा मी वाचलं, "बायका सकाळी बारवेवर पाणी भरतात." सबूत? मी म्हणालो, "डॉक्टर, हे तर सगळ्यांना माहीत आहे." तुम्ही माझ्या हातातला कागद घेतलात आणि ते वाक्य आडव्या रेघेनं कापलंत. म्हणालात, "जे सगळ्यांना माहीत असतं ते कुणी पाह्यलेलं नसतं. जा, बारवेवर बसून ये. कागद-पेन्सिल इथंच ठेव." मला राग आला होता. कुणब्याच्या पोराला बारवेवर बसायला शिकवायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यासारखं. पण बसलो, आणि बसल्यावर दिसलं, की नुसत्या सकाळच्या बायका नाहीत, दुपारी गुराखीही येतात. त्यांच्या पायाला नारूचे फोड असतात, फोडाची आग आग होते, म्हणून ते पायऱ्या उतरून पाय पाण्यात सोडून बसतात. गार वाटतं बिचाऱ्यांना. आणि त्याच पायरीवरून संध्याकाळी घागरी भरल्या जातात. फोडातून नारूची पिल्लं पाण्यात सुटतात आणि रोग फिरतो, हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण त्या दिवशी मी तो फिरताना पाह्यला.

दुसऱ्या एका गावात तर मी फजितीच करून घेतली. काळी पिशवी खांद्याला, डोक्यावर टोपी, आणि दारोदार विचारतोय, घरात माणसं किती, खाणारी तोंडं किती. गावात बोंब झाली, लेव्हीवाला आला. दिवस ज्वारीच्या सक्तीच्या वसुलीचे. बायकांनी कणग्यांवर गोधड्या टाकल्या, म्हाताऱ्यांनी घरातली अर्धी माणसं पाहुणी आहेत म्हणून सांगितलं, आणि मी तो सगळा हिशेब नीट मांडून तुमच्यापुढं ठेवला. तुम्ही वाचत गेलात, वाचत गेलात, आणि मग एवढे हसलात की माई बाहेर आल्या. "अहो डॉक्टर, तुम्ही नारू मोजायला गेल्ता का ज्वारी?" रागावलात किंवा फार आनंदात असलात, की मला 'अहो डॉक्टर' म्हणायचात. त्या दिवशी कुठलं होतं ते मला कळलं नाही. पण लिहिलेलं सगळं तुम्ही फेकायला लावलंत, आणि पुढच्या वेळी मी पिशवी घरी ठेवून, गावातल्या एखाद्या सोयऱ्याला बरोबर घेऊन गेलो.

एक मात्र पक्कं शिकवलंत. गावाचं नाव कधी लिहायचं नाही. लोक आपल्याला घरात घेतात, पायाचे फोड दाखवतात, त्यांची लाज आपल्याकडे ठेव म्हणून असते. म्हणून ज्या गावाबद्दल पुढं लिहितो आहे त्याचं नाव इथंही लिहीत नाही. भोकरदन तालुक्यातलं एक गाव, एवढंच.

त्या गावानंच तुमचं नाव झालं होतं. तरुणपणी तुम्ही तिथं राहून तुमचा प्रबंध लिहिला होता, आणि नव्या विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यातच तो वाचायला द्यायचात. त्यातला एक निष्कर्ष आम्हाला पाठ होता. गावात घरटी नारू, पण वेशीबाहेरच्या वस्तीत जवळजवळ नाहीच. याचं कारण तुम्ही दिलं होतंत, की त्या लोकांची शरीरं कष्टानं काटक झालेली, निसर्गानंच त्यांना या रोगापासून राखलेलं. हे वाक्य मुंबईच्या डॉक्टरांनी उचललं, पुढं कुणाकुणाच्या लेखांत गेलं. नारूवर बोलायचं म्हटलं की तुमचं नाव निघायचं ते त्या वाक्यामुळं.

तुम्हीच मला त्या गावी पाठवलंत. तेव्हाचं आता कितपत खरं राह्यलं, पाहून ये म्हणालात. मी गेलो, आणि तुमच्या शिकवणीप्रमाणं बारवेवर बसलो. सकाळी बसलो, दुपारी बसलो, पुन्हा दुसऱ्या दिवशी बसलो. बसता बसता एका दुपारी डोक्यात आलं, की वेशीबाहेरचं एकही माणूस मी इथं पाह्यलेलं नाही.

का नाही, हे मला जन्मापासून ठाऊक होतं. टेंभुर्णीतही तसंच आहे. त्यांनी बारवेच्या पायरीला पाय लावायचा नाही. हे मला ठाऊक, तुम्हाला ठाऊक, गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक. पण ते आम्हाला रीत म्हणून ठाऊक होतं, रोगाशी त्याचा काही संबंध असेल असं कधी मनातच आलं नाही. मग ही माणसं पाणी पितात कुठलं? तुमच्या प्रबंधात एक साधं वाक्य होतं: सारं गाव बारवेचं पाणी पितं. त्या वाक्यापुढं तुम्ही स्वतःला "सबूत?" विचारलं नव्हतं.

मी वस्तीतल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, त्यानं नदीकडं बोट केलं. पायवाटेनं खाली गेलो. कोरड्या पात्रात वाळू उकरून केलेले झिरे, त्यांत वाळूतून पाझरणारं पाणी, आणि बायका वाटीनं ते घागरीत भरताहेत. तिथं ना पायरी, ना कुणाचा पाय पाण्यात. मी तिथंच वाळूत बसलो. त्यांची शरीरं तुमच्या-माझ्यासारखीच होती. फरक पाण्याचा होता.

परत येताना गाडीत मला आनंद झाला नव्हता, भीती वाटत होती. गुरूनं आयुष्यभर मिरवलेलं वाक्य शिष्यानं खोटं ठरवायचं, तेही गुरूच्याच ओसरीवर बसून, गुरूच्याच घरची सुशीला खात. पण रविवार आला आणि मी वाचलं. वाचून झाल्यावर तुम्ही "सबूत?" विचारलं नाहीत. मग तुम्ही वाद घालायला लागलात. वस्तीतले लोक दवाखान्यातच येत नसतील. त्यांचं खाणं वेगळं असेल. झिरे पावसाळ्यात बुजत असतील, तेव्हा ते कुठलं पितात? मी पुन्हा गेलो, पुन्हा पाह्यलं, पुन्हा येऊन सांगितलं. पावसाळ्यात ते नदीचं वाहतं पाणी पितात. दवाखान्यात येत नाहीत हे खरं, म्हणून मी घरोघर जाऊन पाय पाह्यले. असे कितीतरी रविवार तुम्ही वकिलासारखे माझ्या अंगावर येत राहिलात.

खरं सांगा डॉक्टर, त्या पहिल्या रविवारी तुम्हाला लागलं होतं ना? की पहिल्या दिवसापासून ती माझी झडतीच होती, आणि पोरगा दबावाखाली वाक्य बदलतो का ते तुम्ही पाहत होता? मला वाटतं, दोन्ही होतं. विचारायचं राहून गेलं. विचारलं असतं तर उत्तर दिलं असतंत असंही नाही.

मग एक दिवस तुम्हीच म्हणालात, "चल. मला दाखव." त्या वयात, कंबर धरलेली असताना, बैलगाडीनं तुम्ही त्या गावी आलात. पाटलानं ओसरीवर गादी घातली, गुळाचा चहा केला. तुम्ही त्याला सगळं समजावून सांगितलंत, आणि त्यानं मांडीवर थाप मारली. "म्हंजे डागदरसाहेब, आमी त्यायला बारवेवर येऊ दिलं न्हाई, ते बराबरच झालं की! आमच्यामुळं वाचले म्हना ना!" तुमचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाह्यला नव्हता. तुम्ही चहा खाली ठेवलात आणि एवढंच म्हणालात, "पाटील, नदीपर्यंत चला माझ्यासंगट."

झिऱ्यावर एक बाई पाणी भरत होती. आपल्याला पाहून ती उठून बाजूला झाली. पाटील तिला म्हणाला, "डागदर म्हणून राह्यले, ह्या पान्यानं तुमाला नारू होत न्हाई. चांगलं हाय की मंग!" ती तुमच्याकडं बघत म्हणाली, "न्हाई होत, खरं हाय. पर साहेब, उन्हाळ्यात एक घागर भरायला सकाळची दुपार व्हती. त्याला कोन्ता रोग म्हन्ता तुमी?"

पाटलानं तिला दटावलं. तुम्ही त्याला हातानं थांबवलंत, कोट काढून माझ्याकडं दिलात आणि वाळूत बसलात. "बाई, वाटी द्या."

"अवो, तुमी कशाला?"

"पाह्यचंय मला."

वाटीभर पाणी काढायचं, घागरीत ओतायचं, पुन्हा झिरा भरायची वाट बघायची. बाई दुरून बघत होती आणि मधूनच सांगत होती, "जल्दी करू नका साहेब, गढूळ येतं." पाटलानं काही वेळ कळ काढली, मग वावरात काम आहे म्हणून निघून गेला. ऊन डोक्यावर आलं, मी म्हणालो, डॉक्टर, मी भरतो. तुम्ही ऐकलं नाही. ती घागर काठोकाठ भरेपर्यंत तुम्ही उठला नाहीत, आणि उठताना कंबर सरळ होईना म्हणून माझ्या खांद्याचा आधार घेतलात.

 परतीच्या वाटेवर तुम्ही एकदम म्हणालात, "मला ठाऊक होतं रे. लहानपणापासून ठाऊक होतं, की त्यांना बारव बंद. आणि मी काय लिहिलं? काटक शरीर! आपण पाणी देऊन नाही राह्यलो, आणि मी निसर्गाचं नाव सांगून मोकळा झालो." मी काहीतरी समजूत घालायला लागलो, तर म्हणालात, "गप. पाटलाला अर्धंच वाक्य सापडलं की तो त्याची काठी करेल. म्हणून निष्कर्ष अख्खा लिहायचा. बारवेच्या पायऱ्या बुजवा, कठडा बांधा, वर रहाट बसवा, आणि तो रहाट सगळ्यांना मोकळा. चारही गोष्टी एकाच वाक्यात. मध्ये पूर्णविराम दिला तर याद राख." गाडीवान मागं वळून बघायला लागला, एवढ्या मोठ्यानं बोलत होता तुम्ही.

मला आजवर अनेक विद्वान भेटले, हैद्राबादला भेटले, मुंबईला भेटले. चूक दाखवली तर कुणी हसून उडवतात, कुणी दाखवणाऱ्याला उडवतात. कंबर धरलेली असताना बैलगाडीत बसून स्वतःची चूक बघायला गेलेला माणूस मी एकच पाह्यला. मला त्याचा फार अभिमान वाटतो, डॉक्टर. हे तोंडावर सांगितलं असतं तर "सबूत?" म्हणाला असतात, म्हणून कधी सांगितलं नाही.

इथपर्यंत आपलं जमलं होतं. अडलं ते पुढं. प्रबंधाचा तो भाग मी लिहून आणला, त्यात वाक्य होतं: पूर्वीच्या एका अभ्यासकाने याचे कारण शरीराची काटकता असे मानले होते. तुम्ही चष्मा काढलात.

"कोण हा अभ्यासक? आईबापांनी नाव नाही ठेवलं त्याचं?"

मी तयारीत होतो. म्हणालो, "नाव झाकायला तुम्हीच शिकवलंत."

"गावाचं झाकायचं. त्यांनी आपल्याला घरात घेतलं. मी तर त्यांच्या जिवावर डिग्री घेऊन राह्यलो."

मी म्हणालो, परीक्षक म्हणतील, ज्याचा गुरूच चुकला त्याचा प्रबंध काय पाह्यचा. तुम्ही म्हणालात, म्हणू देत. मी म्हणालो, जालन्यात लोक बोलतील. तुम्ही म्हणालात, जालन्यातल्या लोकांना इंग्रजी प्रबंध वाचायची आवड लागली तर मला आनंद आहे. मी म्हणालो, माईंना काय वाटेल? तेव्हा मात्र तुम्ही आत स्वयंपाकघराकडं पाह्यलंत. मग म्हणालात, "हे बघ. माझं ते वाक्य दहा जणांनी उचललं. नाव न घालता तू ते खोडलंस, तर त्या दहा जणांना कळणार कसं, की खोडलं ते हेच? बेनावी चूक फिरतच राहते."

तुमचं बिलकुल बरोबर होतं. तरी माझ्यानं होईना. त्या शेवटच्या रविवारी मी आवाज चढवून म्हणालो, "तुमचा अपमान माझ्या हातानं होणार नाही." तुम्हीही चढवलात. "मंग इतके दिवस माझ्या हाताखाली काय शिकला?" मी कागद उचलले. तुम्ही म्हणालात, उद्या बोलू.

त्यानंतरचं तुम्हाला सांगायला हवं. दहाव्याला तुमचे थोरले बंधू माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "आमच्या भावाबद्दल काहीतरी लिहून राह्यले म्हणे तुम्ही. चांगलंच लिहाल, दुसरं काय." आवाजात मध होता, पण अर्थ कळण्याइतका मी शिकलो आहे. हबीबही म्हणाला, "अब तो मत लिख, यार. ज़िंदा थे तो जवाब दे सकते थे." हबीबचं म्हणणं मला पटलं. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, मग त्याच्या नावापुढं चूक लिहायची कशी? मी ठरवूनच टाकलं, की 'पूर्वीचा एक अभ्यासक'च राहू द्यायचा. प्रबंध पाठवायची वेळ जवळ आली होती. ठरवलं आणि मला झोपच येईना.

म्हणून काल माईंकडं गेलो. त्या ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. झिऱ्याचं, पाटलाचं, आपल्या भांडणाचं. त्या म्हणाल्या, "त्या रविवारी दोघं ओरडत होता ते ह्याच्यावरून होय? मला वाटलं सुशीलेत मीठ जास्ती झालं." मग म्हणाल्या, "वाचा बरं ते पान. मराठीत करून वाचा." मी वाचलं. हात डाळीत फिरत होते, मान खाली होती. वाचून झाल्यावर मला वाटलं, आता रडतील. मी मनातल्या मनात माफी मागायला लागलो होतो.

त्यांनी विचारलं, "त्या बाया अजून वाटीनंच पाणी भरून राह्यल्या का?"

मी म्हणालो, हो.

"मंग नाव घाला." त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "ह्यांच्या नावाला वजन आहे. एवढा मोठा डॉक्टर चुकला म्हणलं, तर मुंबईवाले वाचतील, हैद्राबादवाले वाचतील, एखादा रहाट तरी बसंल. नुसतं तुमचं कोण वाचून राह्यलं, सांगा?"

मला हसू फुटलं आणि हसता हसता रडायला आलं. त्याही रडल्या, पण हात थांबले नाहीत. इतके रविवार मी तुमच्या मानाचा विचार केला, तुम्ही सत्याचा केलात, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, त्या बायांचा विचार आपल्या दोघांच्या भांडणात कुठं तरी मागंच पडला होता. बंधूंचं काय करायचं, असं मी विचारलं. माई म्हणाल्या, "त्यांचं मी पाह्यते."

आज सकाळी ते पान पुन्हा टंकून घेतलं. प्रबंध इंग्रजीत आहे, पण आपण मराठीत भांडत होतो, म्हणून तुम्हाला मराठीत वाचून दाखवतो. या गावाच्या वेशीबाहेरच्या वस्तीत नारू नाही, याचे कारण शरीर नसून पाणी आहे. शरीर हे कारण डॉ. दिगंबर केशव परतूरकर यांनी दिले होते. ते चुकले होते.

आणि पहिल्या पानावर, मार्गदर्शक म्हणून, तेच नाव आहे. खाली सहीची जागा कोरी आहे. टंकलेखक म्हणाला, साहेब, सहीशिवाय प्रबंध परत येईल, दुसऱ्या कुण्या मोठ्या डॉक्टरांचं नाव घाला. मी म्हणालो, येऊ दे परत. पुन्हा पाठवीन. पण नाव दोन्ही पानांवर हेच राहील.